गॅरेजमधली रसवंती

आमचं त्रैमासिक वर्षातून चारदा निघतं, असं आम्ही आतल्या पानावर छापायचो. निघायचं दोनदा. एका वर्षी एकदाच निघालं आणि एकाही वर्गणीदाराच्या ते लक्षात आलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. किस्से मात्र रोज निघायचे. परवा माळा आवरताना जुने अंक खाली काढले आणि धूळ झटकायच्या आधीच मी हसत सुटले. सून म्हणाली, "आई, काय झालं?" म्हटलं, चहा टाक आणि बस, एकेक सांगते. तिला सांगून झाले, आता तुम्ही सापडलात.

नियतकालिकाचं नाव ‘ओला कागद’. आम्ही तिघं. वसुधाताई मुद्राचित्रं करायच्या, म्हणजे जस्ताच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, रेघांत शाई भरायची आणि प्रेसखाली दाबून ते कागदावर उतरवायचं. कांबळे फोटोग्राफर. आणि मी बँकेतली नोकरी सांभाळून या दोघांचं मराठी दुरुस्त करणारी. पुण्यात तेव्हा तैलरंगात गणपती काढला की माणूस चित्रकार. मुद्राचित्रवाले आणि फोटोवाले कुणाच्या खिजगणतीत नसायचे. म्हणून त्यांच्यासाठी अंक काढायचा, इथपर्यंत आमचं एकमत होतं. पुढे कशावरच नव्हतं. नावावरून किती रविवार भांडलो ते विचारू नका. शेवटी दोघांना मान्य असलेली एकच गोष्ट सापडली. प्रिंट काढायची तर कागद आधी भिजवावा लागतो, आणि फोटोचा कागदही धुतल्यावर ओलाच दोरीवर टांगतात. झालं, नाव ठरलं.

पहिल्या अंकाचा गठ्ठा घेऊन मी एका पुस्तकवाल्याकडे गेले. त्याने नाव वाचलं, अंगठ्याने पान चाचपलं आणि म्हणाला, "वाळवून आणायचा होतात."

०

प्रेस आला त्या दिवसाची गोष्ट. वसुधाताई राहायच्या कोथरूडला, मधुमालती सोसायटीत. तळमजल्यावर सोसायटीचं एक गॅरेज रिकामं पडलं होतं, ते त्यांनी मागून घेतलं. टेम्पोतून प्रेस उतरला. दोन लोखंडी रूळ, बाजूला भलंमोठं चाक. वॉचमनने तीनदा प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "बाई, आलं-लिंबू घालून मिळणार का साधाच?"

तेव्हापासून अख्खी सोसायटी त्या गॅरेजला रसवंती म्हणायला लागली.

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी देवधर खाली आले. कॉलेजच्या ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले, घरातही शर्ट खोचलेला. त्यांनी हात मागे बांधून चौकशी केली.

"आवाज करतं का हे?"

"नाही काका."

"वास?"

"थोडा. शाईचा."

"मग थोडी परवानगी देतो," असं म्हणून त्यांनी एका वर्षापुरतं गॅरेज दिलं. दर वर्षी मुदत वाढवून घ्यायची.

हे तुम्हाला मुद्दाम सांगते, कारण आमचा सगळा जीव त्या गॅरेजात होता. अंकाच्या प्रत्येक प्रतीत एक खरीखुरी प्रिंट असायची. छापखान्यात छापलेली नाही, वसुधाताईंच्या प्रेसवर हाताने काढलेली, ज्याची त्याची सही केलेली. कधी नाशिकचा एखादा मुलगा प्लेट घेऊन यायचा, कधी साताऱ्याची एखादी बाई. त्यांच्याकडे प्रेस नव्हते. पुण्यात कुणालाही फुकट वापरता येईल असा तो एवढाच. तो हलवायचा तर क्रेन पाहिजे, आणि क्रेन आणली तरी न्यायचा कुठे? गॅरेज गेलं की प्रेस गेला, प्रेस गेला की अंक गेला. साधा हिशोब.

०

प्रिंट खऱ्या असतात म्हटल्यावर आमचे वर्गणीदार खूश होतील अशी आमची भाबडी समजूत.

प्रिंटखाली पेन्सिलीने आकडा घालतात. शंभर प्रती काढल्या तर एक भागिले शंभर, दोन भागिले शंभर, असं. बाजूला कलावंताची सही, तीही पेन्सिलीने. जगभर हीच रीत आहे. पण पुण्यात जगाची रीत चालत नाही. नारायण पेठेतल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी अंक परत पाठवला. सोबत चिठ्ठी, ‘सही पेन्सिलीने केलेली आहे. कुणीही खोडू शकेल. पेनाने करून पाठवणे.’

दुसऱ्या एका गृहस्थांनी तर पाठवायचेही कष्ट घेतले नाहीत. स्वतःच पेन्सिलीवरून बॉलपेन फिरवलं, प्रिंटला लॅमिनेशन करून घेतलं आणि ती दाखवायला गॅरेजात घेऊन आले. वसुधाताईंनी ते प्लास्टिक हातात घेतलं आणि उजेडात धरलं. गृहस्थ म्हणाले, "आभार मानायची गरज नाही. पण पुढच्या वेळेपासून तुम्हीच करून देत जा."

ते गेल्यावर ताईंनी मला विचारलं, "शैला, लॅमिनेशन सुटतं का गं?" मी म्हटलं, नाही. मग त्यांनी चहा मागवला.

०

आता कांबळे. विश्रांतवाडीला राहायचे, सरकारी कचेरीत अधिकारी होते आणि त्यांची डार्करूम म्हणजे घरातली न्हाणी. कमोडवर फळी, फळीवर ट्रे, वर लाल दिवा. वहिनी शाळेत मुख्याध्यापिका. त्यांनी दारावर वेळापत्रकच लावलं होतं. आंघोळी संपेपर्यंत कला बंद.

एकदा वहिनींचा भाऊ नागपूरहून आला. हडपसरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मुलाखत होती. पोरगा टॉवेल खांद्यावर टाकून न्हाणीपाशी गेला तर आतून कडी. रविवार समजून कांबळे सकाळीच आत शिरले होते, आणि नेमके फोटो ट्रेमध्ये. दार उघडलं की उजेड आत आणि फोटोंचं वाटोळं. बाहेरून वहिनी दार ठोठावतायत, आतून कांबळे शांतपणे सांगतायत, "आत्ताच पावलं उमटायला लागलीत. थांबा."

पोरगा शेवटी तोंडाला पाणी लावून, काखेत पावडर मारून गेला. आणि नोकरी लागली की त्याला! तेव्हापासून वहिनींच्या माहेरचं जे कुणी मुलाखतीला पुण्यात येतं, ते त्या दिवशी आंघोळीचं नाव काढत नाही. वहिनी कपाळाला हात लावतात. कांबळे म्हणतात, "बघा, आमच्या कलेने कुणाचं तरी भलं झालं."

०

याच कांबळ्यांना त्यांच्या मावशीने मुलीच्या लग्नाचे फोटो काढायला सांगितले. आता हा माणूस चेहऱ्यांचे फोटो काढत नाही हे आम्हाला माहीत होतं, मावशीला कुठून माहीत असणार? कांबळ्यांचं म्हणणं, चेहरे खोटं बोलतात. महिन्याभराने अल्बम दिला. पहिल्या पानावर हॉलबाहेर काढून ठेवलेल्या चपला. दुसऱ्या पानावर चपला. वंदनेला बसलेल्यांचे तळपाय. मेणबत्ती लावणारे हात. जेवणाच्या रांगेतले पाय.

मावशीने सगळा अल्बम शांतपणे पाहिला. "लग्न कुणाचं आहे?"

"ओळखा की. या तुमच्या लेकीच्या सँडल."

मावशीने चष्मा लावला आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. आणि काय सांगू, तिने एकेक जोड ओळखला. हा भाऊजींचा, टाच आतून झिजलीय. ही कुंदा, दुसऱ्याच्या लग्नातही नवीन घेत नाही. असं करत करत जेवणाच्या रांगेच्या फोटोपाशी आली आणि बोट टेकवलं. "ही माझी कोल्हापुरी. अंगठ्यापाशी काळ्या दोऱ्याने मी शिवलीय. त्या दिवशी मी हॉलवरून अनवाणी घरी आले."

ती कोल्हापुरी विहीणबाईंच्या पायात होती.

मावशी अल्बम काखोटीला मारून थेट हडपसरला, मुलीच्या सासरी. काय बोलणं झालं ते आजतागायत कुणी सांगितलं नाही. ती मालिका आम्ही अंकात छापली. कांबळ्यांचा हट्ट, फोटोखाली एक अक्षर नको. मी ऐकते होय? मावशीला फोन केला, म्हटलं, तुम्हीच चार ओळी सांगा. मावशीने दोनच सांगितल्या. ‘फोटो छान आहेत. चप्पल परत मिळाली.’

कलासमीक्षा म्हणून मी नंतर पुष्कळ वाचलं. इतकं स्पष्ट कुणी लिहिलेलं आढळलं नाही.

०

मग आली कंपन्यांची लाट. नव्या काचेच्या बिल्डिंगा, आत लांबलचक रिकाम्या भिंती. एका कंपनीची श्रुती नावाची मुलगी गॅरेजात आली. गळ्यात पट्ट्याचं ओळखपत्र, हातात फाइल, पण पोरगी गोड. त्या दिवशी वसुधाताई एका प्लेटची शेवटची प्रिंट काढत होत्या. आणि देवधर दारात उभे होते, वासाबद्दल तक्रार आलीय म्हणून चौकशीला. अर्धा तास ते चौकशीच करत होते, म्हणजे नुसते बघत होते.

श्रुती म्हणाली, "मॅम, सुपर आहे हे. आमच्या सगळ्या फ्लोअर्सना हेच लावू. दोनशे मिळतील?"

"ही पन्नासचीच आवृत्ती आहे. पन्नास झाल्या."

"हो, पण प्लेट आहे ना तुमच्याकडे? म्हणजे बॅकअप आहेच."

वसुधाताईंनी प्लेट पुसून टेबलावर ठेवली, टोकदार सुई घेतली आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत कर्रकन रेघ ओढली. ऐन चित्रावरून.

श्रुती दचकलीच. "मॅम! मुद्दाम डिलीट केलंत?"

आणि देवधरांच्या तोंडून निघालं, "अहो, चांगला पत्रा होता."

ताईंनी मग समजावून सांगितलं. आवृत्ती संपली की प्लेट रद्द करायची. पन्नास म्हटल्या म्हणजे पन्नास. ज्याने घेतली त्याला दिलेला तो शब्द असतो. आणि पुढे-मागे आपल्यालाच मोह झाला तर? म्हणून ती वाटच बंद करायची. रद्द केलेल्या प्लेटवरून कुणी छापलं तर आमच्यात त्याला चोर म्हणतात. मग त्यांनी त्याच प्लेटवर पुन्हा शाई भरली, पाण्यातून काढलेला कागद टिपून ठेवला आणि चाक फिरवलं. चित्र आलं, आणि त्यावरून तिरकी काळी रेघ. प्लेट खरंच रद्द झाली याचा पुरावा म्हणून अशी एक प्रिंट काढतात.

"ही कुणाला देणार?" देवधरांनी विचारलं.

"कुणाला नको असते. घ्या तुम्ही."

देवधरांनी ती दोन्ही हातांवर आडवी धरली आणि वासाच्या तक्रारीचं नावही न काढता जिना चढून गेले. अर्ध्या जिन्यावर थांबून म्हणाले, "म्हणजे स्वतःवरच नोटीस बजावायची. चांगली पद्धत आहे."

श्रुतीने शेवटी भिंतींवर आरसे लावून घेतले.

०

नोटिसांवरून आठवलं. देवधरांच्या नोटिसा हा मधुमालतीतला सगळ्यात वाचला जाणारा मजकूर. ‘जिन्यात पान खाऊन थुंकणाऱ्या सभासदाने आपले नाव कळवावे. त्यांच्या घरी येऊन थुंकण्याची सोय करता येईल.’ ‘गच्चीवर वाळत घातलेली मिरची ज्यांची आहे त्यांनी न्यावी. ज्यांची नाही त्यांनी नेऊ नये.’ कॉलेजने भंगारात काढलेलं सायक्लोस्टाइल मशीन त्यांनी घरी आणलं होतं. मेणाच्या कागदाची स्टेन्सिल, तिच्यावर लोखंडी लेखणीने स्वतः अक्षर कोरायचं, वरून शाईचा रूळ, की चोवीस घरांना चोवीस प्रती. तेव्हा कोपऱ्या-कोपऱ्यावर झेरॉक्स होतं. देवधर म्हणायचे, "झेरॉक्स मशीन काढतं. ही मी काढतो."

एक दिवस कांबळ्यांनी ती मिरचीची नोटीस हातात घेतली, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि वसुधाताईंना म्हणाले, "ताई, तुमच्या डोक्यावर दुसऱ्या मजल्यावर एक मुद्राचित्रकार राहतोय."

झालं. आम्ही देवधरांवर चार पानं छापली. त्यांनी प्रुफात माझ्याच तीन चुका काढल्या. अंक हातात आल्यावर वरवर तोंड वाकडं केलं, पण त्यानंतरची पाण्याची नोटीस आली तेव्हा खाली पेन्सिलीने आकडा आणि सही. तळमजल्यावरच्या जोशीबाई भांडायला गेल्या, "पाणी सगळ्यांचं जाणार, मग मलाच एकोणीस नंबर का?"

पण कायद्याला माणूस कडक. सोसायटीच्या सभेची नोटीस पंधरा दिवस आधी, सेक्रेटरीच्या सहीनिशी, प्रत्येक घरात पोचली पाहिजे. एका वर्षी एकच नोटीस एका बंद घराच्या दाराखाली सरकवलेली निघाली, तर त्यांनी भरलेली सभा उठवली होती. भजी तळून तयार होती तरी.

०

आणि आता रसवंतीच्या सभेचं सांगते.

सोसायटी बांधली तेव्हा चोवीस घरांत मिळून एक गाडी होती. मग पोरं कॉम्प्युटरमध्ये लागली आणि दर दसऱ्याला हार घातलेली एक नवी गाडी फाटकातून आत यायला लागली. चेअरमन पाटणकरांच्या मुलाने दुसरी बुक केली. पाटणकरांनी गॅरेज हेरलं. विशेष सभा बोलवायची, ठराव करायचा, महिनाअखेर रसवंती बाहेर. त्यांना घाईही होती. त्यांच्या कमिटीची मुदत त्याच महिन्यात संपत होती आणि पुन्हा कुणी निवडून देईल याची त्यांची त्यांनाच खात्री नव्हती.

नोटीस काढायचं काम अर्थातच देवधरांचं. वसुधाताईंना त्यांनी स्वतः आणून दिली. हातात दिली, चष्मा सारखा केला आणि जिना चढून गेले. ताई त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यासमोर रडल्या. आतल्या टेबलावर साताऱ्याच्या एका मुलीची प्लेट अर्धी कोरून पडली होती. ताई म्हणाल्या, "हिला काय सांगू?" मला देवधरांचा असा संताप आला, की म्हटलं, या माणसाला आपण चार पानं दिली!

सभेच्या दिवशी संध्याकाळी फाटकाजवळ खुर्च्या मांडल्या. पाटणकर सफारी घालून आले. सभासद नव्हतो तरी कांबळे आणि मी मागे उभे राहिलो. पाटणकरांनी घसा खाकरला आणि ठराव वाचायला घेतला. तेवढ्यात जोशीबाई म्हणाल्या, "कसली सभा आहे? मी खुर्च्यांचा आवाज आला म्हणून आले."

"नोटीस नाही मिळाली?"

"नाही बाई."

"आम्हालाही नाही," मागून कुलकर्णी म्हणाले. मग आणखी दोघं. मग आणखी.

पाटणकरांनी देवधरांकडे पाहिलं. "अहो, नोटिसा वाटल्यात ना?"

"बारा वाटल्या."

"सभासद चोवीस आहेत!"

"सभासद चोवीस आहेत. आवृत्ती बाराची होती." देवधर उठले, फाइलीतून स्टेन्सिल काढली आणि खांबावरच्या ट्यूबलाइटसमोर धरली. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तिला तिरका छेद गेला होता. त्यातून उजेड येत होता.

कांबळ्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की दोन दिवस दुखत होता.

"मग आता उरलेल्या बारा काढा की," पाटणकर म्हणाले. "नाहीतर झेरॉक्स मारा."

"झेरॉक्सवर मी सही करत नाही. आणि रद्द केलेल्यावरून छापणाऱ्याला काय म्हणतात, ते ताईंना विचारा. मी सेक्रेटरी आहे."

"मग नवीन करा!"

"करतो ना. उद्या करतो. पंधरा दिवस आधी द्यावी लागेल." देवधरांनी खिशातून छोटं कॅलेंडर काढून पाटणकरांपुढे धरलं. "तुमची मुदत कधी संपते, बघून सांगता का?"

पाटणकरांनी कॅलेंडर पाहिलं आणि ते खाली बसले. देवधर सगळ्यांकडे वळले. "सभा बेकायदेशीर आहे. खुर्च्या ज्यांनी आणल्या त्यांनी न्याव्यात. ज्यांनी आणल्या नाहीत त्यांनी नेऊ नयेत."

लोक पांगले. वसुधाताई जागच्या उठल्याच नव्हत्या. देवधर त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले, फाइल उघडली आणि दोन वर्तमानपत्रांमध्ये ठेवलेला एक कागद दोन्ही हातांनी उचलून पुढे केला. तीच नोटीस, आणि तिच्यावरून तिरकी काळी रेघ. अक्षरं सगळी फुगून एकात एक गेलेली.

"तुमच्यासारखा कागद आधी भिजवून पाहिला. आमच्या शाईला मानवत नाही," देवधर म्हणाले. "सांभाळून धरा. ओला आहे अजून."